वत्सलावहिनींचे ठिपके

• • • • •

जहाजामागे उमटणारी पांढरी रेघ पुसली जात नव्हती. शालन डेकच्या कठड्यावर ओले पायमोजे वाळत घालत होती, तेव्हा तिच्या ते लक्षात आलं. नाव पुढे गेली की मागे फेस उठतो आणि विरतो, एवढं तिला कुरुंदवाडच्या नदीवरूनही ठाऊक होतं. ही रेघ विरली नव्हती. आदल्या दिवशीपासूनची सगळी वाट समुद्रावर जशीच्या तशी पडून होती, एका जाडीची, कुठे न सांडलेली. शालनने एक डोळा मिटून ती तपासली. काढणाऱ्याचा हात सरावाचा वाटत होता.

"वाकडी नाही कुठे," ती परकारांना म्हणाली.

इक्बाल परकार दाभोळचे. जहाजावरचे दुसरे अधिकारी. सुकाणू बहुतेक वेळ त्यांच्याकडेच असे. आता हवा खायला म्हणून बाहेर आले होते.

"वाकडी नाही, पण ओलांडता येत नाही, शालनताई. मघाशी वळवून पाहिलं. जहाज रेघेशी जाऊन उभं राहतं. नवी नवरी उंबऱ्याशी उभी राहते ना, तसं."

"कॅप्टनना सांगितलंत?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, मग ओलांडू नका."

शालनला हे पटलं. काढलेल्या रेघेवर पाय द्यायचा नसतो. तिने दुसरा मोजा पिळला.

"आणि वहिनी?"

परकारांनी गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. लांब, बर्फाच्या एका गोल तुकड्यावर एक केशरी जाकीट ओणवं झालं होतं. शालनच्या थोरल्या जाऊबाई, वत्सलावहिनी, ठिपका ठेवत होत्या. ठेवून झाल्यावर त्या उठल्या, जाकिटाखालून लोंबणारं पातळ वर खोचलं आणि पाण्यावरून चालत पुढच्या जागी गेल्या. तिथे बसून त्यांनी चिमूट सोडली. चिमूट पडली तिथे पाण्यावर बर्फाचा आणखी एक तुकडा आला, पहिल्याएवढाच, पहिल्यापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर.

"परत आणायला हवं त्यांना," शालन म्हणाली. "मी त्यांना घेऊन आलेय. एकटी परत गेले तर दारात कोणाला काय सांगू?"

"आणू की," परकार म्हणाले. "ठिपक्याठिपक्यानं जाऊ."

वहिनी शिकवायच्या ते असं: आधी ठिपके. सगळे ठिपके ठेवून होईपर्यंत रेघेचं नाव काढायचं नाही. मध्ये कोणी हाक मारली तर ओ द्यायची, मान वर करायची नाही.

• • • •

हे जहाज कलावंतांना उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाकडे नेत असे. बर्फासमोर बसून प्रत्येकाने आपापलं काम करायचं, एवढीच अट. फिनलंडचा आर्मस खुर्च्या रंगवायचा. खऱ्या खुर्च्या, एकेक करून, मनाजोगा रंग मिळेपर्यंत खरवडून पुन्हा. पोर्तुगालची इनेश एक घंटा वाजवायची आणि तिचा नाद संपेपर्यंत डोळे मिटून बसायची. त्यांच्या भाषा शालनला येत नव्हत्या. पण पहिला हिमनग दिसला तेव्हापासून जहाजावर सगळ्यांना सगळ्यांचं कळू लागलं होतं आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं.

शालन रांगोळी काढायची. निमंत्रण तिच्या एकटीच्या नावाने आलं होतं. तिने उलट कळवलं, माझ्या रांगोळीला दोन माणसं लागतात. म्हणून केबिनच्या दारावर दोन पाट्या होत्या. एकीवर 'शालन हेर्लेकर, कलावंत'. दुसरीवर 'सहायक'.

दोन माणसं लागतात हे खरंच होतं. थोरली जाऊ ठिपके ठेवी, धाकटी ते जोडी. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद अंथरून ठिपके कोणीही पाडतं. वहिनींना कागद लागत नसे. त्या अंगणाकडे जरा वेळ नुसत्या बघायच्या आणि मग चिमटीतून ठिपके असे सुटायचे की कोणी पट्टी लावायला गेलं तर त्यानेच ओशाळावं. पूर्वी रेघाही त्याच ओढायच्या. शालन लग्न होऊन आली तेव्हा तिला रांगोळी शिकवली ती त्यांनीच. मग थोरले दीर गेले. त्यानंतर वहिनी ठिपक्यांवर थांबू लागल्या. नुसती पांढरी रांगोळी दारात ठेवत नाहीत, शेवटी तिच्यावर हळदकुंकू वाहावं लागतं. ते आता शालनने वाहायचं, मग त्याआधीची रेघही तिनेच ओढावी, असं आपोआप होऊन गेलं. कोणी तसं म्हणालं नव्हतं. असं करू नका, असंही कोणी म्हणालं नव्हतं.

रेघा ओढल्या की ठिपके दिसेनासे होतात. बघणारे रेघांना वा म्हणतात.

जहाजावर चढल्यापासून वहिनींना समुद्र लागला होता. त्या केबिनमध्ये आल्याचा तुकडा चघळत पडून असत आणि वर सगळे शालनच्या मागे लागले होते, दाखवा ना काहीतरी. तेव्हा तिने डेकवर मोकळ्या हाताने एक मोठी रांगोळी काढली. ठिपक्यांशिवाय. चांगली झाली. आर्मसने टाळ्या वाजवल्या, कॅप्टन टोरा टोपी काढून उभ्या राहिल्या. वहिनी भिंतीला धरत धरत वर आल्या आणि त्यांनी ती चारी बाजूंनी फिरून बघितली.

"छान झालीय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला बरं नव्हतं ना, म्हणून मी आपली..."

"अगं, चांगलंच की. ठिपक्यांवाचून काही अडत नाही म्हणायचं."

मग त्या खाली गेल्या, रांगोळीचा डबा घेऊन आल्या, जहाजाची शिडी उतरल्या आणि पाण्यावर पाय ठेवून चालू लागल्या. ऊन आहे तोवर जरा पाय मोकळे करून येते, असं त्या शिडीवरून म्हणाल्या होत्या. तिथे उन्हाळ्यात ऊन जातच नाही.

• • •

जहाज पहिल्या ठिपक्याशी पोचलं तेव्हा वहिनी दुसऱ्यावर होत्या. दुसऱ्याशी पोचलं तेव्हा चौथ्यावर. जहाजाच्या टोकाखाली प्रत्येक ठिपका मधोमध फुटायचा आणि पांढरी रेघ त्यातून पुढे जायची. शालन पुढे उभी राहून हाताने दिशा दाखवी, परकार तसं सुकाणू वळवीत. सरळ, मग तिरकं, मग पुन्हा सरळ. तिला विचार करावा लागत नव्हता. समोर ठिपके असले की कुठे जायचं ते तिचा हात जाणे.

"ताई, त्या डावीकडे आहेत," परकार एकदा म्हणाले. "तुम्ही उजवीकडे दाखवताय."

"आधी उजवीकडचा जोडायला हवा. नाहीतर चुकेल."

"चुकू दे की."

शालनने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा सुकाणूकडे वळले. डावीकडे केशरी जाकीट उभं राहिलं, थोडा वेळ उभं होतं, मग खाली बसलं. जहाज उजवीकडे वळलं.

त्या वळणाने पहिलं घर बंद झालं. रेघांनी सगळ्या बाजूंनी बांधलेल्या जागेला त्या दोघी जावा घर म्हणत. घर बंद होताच त्यातलं पाणी पिवळं होऊ लागलं, कडेपासून आत आत, कोणीतरी मुठीने भरत असल्यासारखं. भरून झाल्यावर ते पाणी हललं नाही. परकारांनी दोरीला बादली बांधून सोडली. ती भरून वर आली तेव्हा तिच्यात कोरडी पिवळी भुकटी होती.

आर्मसने बादलीत हात घातला आणि बोटं डोळ्यांजवळ नेली.

"मी इथे उतरतो," तो म्हणाला. "माझ्या खुर्चीला हाच हवा होता."

"परत केव्हा याल?" कॅप्टन टोरांनी विचारलं.

"रंगवून झाली की."

"जेवणाचं काय?" शालनने विचारलं.

"भूक तिकडच्या बाजूला राहील ना," आर्मस म्हणाला आणि खुर्ची पाठीवर घेऊन उतरला.

तो भुकटीत पाय रुतवत मध्यापर्यंत गेला, खुर्ची मांडली आणि जहाजाकडे पाठ करून बसला. रंगवायला काही त्याने घेतलं नाही. शालनने हाक मारली. हाक रेघेपर्यंत गेली आणि तिथे खाली पडली. पडताना बारीकसा टप असा आवाज आला.

दुसरं घर निळं झालं. तिथे इनेश उतरली. लांबून तिचा हात घंटेवर पडलेला दिसला. काही ऐकू आलं नाही, पण तिचे मिटलेले डोळे पुन्हा उघडले नाहीत. तिसरं घर गुलालाचं झालं, त्यात जहाजावरचा स्वयंपाकी गेला, कारण त्याला कधीपासून कुठेतरी बसायचं होतं. चौथ्यात जायला शालन, परकार आणि कॅप्टन यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. ते रिकामंच हिरवं झालं.

आणि दर वेळी वहिनी पुढच्या ठिपक्यावर होत्या.

वहिनी शिकवायच्या ते असं: रेघ सुरू झाली की हात उचलायचा नाही. श्वास सोडायचाच असेल तर वळणावर सोडावा.

• •

पाणी कमी होत गेलं तसं जहाजही कमी होत गेलं. उरलेल्या जागेत त्याला मावायला हवं होतं. पूर्वी जेवणाच्या खोलीतून केबिनकडे यायला दोन जिने आणि एक लांब बोळ लागे. आता शालन जेवणाच्या टेबलावरून उठली की गुडघा तिच्या पलंगाला लागायचा. दोन पलंगांचा एक झाला होता. त्यावर वहिनींची घडी केलेली शाल होती, आणि शालेवर आल्याचा तुकडा, एका बाजूने चावलेला. शालनने तो तिथेच ठेवला. बाहेर येताना तिला दिसलं की दारावरच्या दोन पाट्या सरकत सरकत एकमेकींवर आल्या होत्या. अक्षरं अक्षरांत गेली होती. वरची कोणती आणि खालची कोणती, ते सांगता येत नव्हतं.

कॅप्टन टोरा उभ्या उभ्या चहा पीत होत्या. बसायला जागा त्यांच्याच खोलीत नव्हती. समोर समुद्राचा नकाशा होता आणि तो आता पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला होता.

"एक वळण उरलंय," त्या म्हणाल्या. "त्यानंतर सरळ."

शालनने नकाशा हातात घेऊन उन्हाकडे धरला. डेकवर पुढे उभी राहून तिने एकेक ठिपका जोडला होता. सगळी रांगोळी एकत्र अशी पाहिलीच नव्हती. आठ पाकळ्या. प्रत्येकीच्या टोकाला एक वळसा. ती ओळखीची निघाली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला वहिनींनी तिचा हात हातात धरून काढून घेतलेली तीच ही. त्या रांगोळीत एक ठिपका रेघेत येत नाही.

"मधला सोडायचा असतो," शालन म्हणाली.

"का?"

"तो हळदकुंकवाचा."

"त्याच्यावर तुमच्या जाऊबाई बसल्या आहेत," कॅप्टन टोरा म्हणाल्या. "आणि आमची वाट त्याच्यातूनच आहे. दोन्हीकडे तुमच्या रेघा आहेत. मागेही तुमचीच रेघ आहे."

"थांबलं तर?"

"थांबता येईल. मग रांगोळी अर्धी राहील आणि आपण तिच्यात. त्यात वाईट काय ते तुम्हीच सांगा. मला त्यातलं कळत नाही."

"अर्धी टाकून उठत नाहीत."

"उठलं तर काय होतं?"

शालनने आठवून पाहिलं. वहिनींनी ते कधी सांगितलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

"उठत नाहीत," ती म्हणाली.

कॅप्टन टोरांनी मान हलवली आणि चहाचा कप ठेवायला जागा शोधू लागल्या.

•

मधला ठिपका समोर आला तेव्हा जहाज नदीतल्या नावेएवढं राहिलं होतं. परकार सुकाणू मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्या मागे कॅप्टन टोरा चहाचा कप हातात धरून. शालन पुढच्या टोकाशी गुडघ्यांवर होती आणि तिचा हात सरळ समोर दाखवत होता. तिने तो पुढे केला नव्हता. तो आपणहून दाखवत होता.  परकारांनी वेग कमी केला होता, पण वाट तीच होती.

वहिनी ठिपक्यावर उकिडव्या बसल्या होत्या. डबा रिकामा झाला होता. त्याला नीट झाकण लावून त्यांनी तो काखेत धरला होता.

शालनने दुसऱ्या हाताने पहिल्या हाताचं मनगट पकडलं आणि तो खाली ओढला. तो सहज आला नाही. परकारांनी इंजिन बंद केलं. जहाज ठिपक्यापासून हातभर अंतरावर उभं राहिलं, आणि मागची रेघ शालनच्या आयुष्यात पहिल्यांदा मध्येच तुटली.

"वहिनी, चला."

"किती गं उशीर."

"तुम्हीच पुढे पुढे जात होतात."

"मी डावीकडे चांगली उभी होते तुला हात करत. तुझं आपलं उजवीकडून चाललंय, ओळीनं."

"चुकली असती."

"चुकली असती," वहिनी म्हणाल्या. "मी भेटले असते."

शालनने शिडी सोडली. शिडीला आता दोनच पायऱ्या होत्या. ती खालच्या पायरीवर उतरून उभी राहिली. ठिपक्यावर माणूसभरच जागा होती आणि ती वहिनींनी घेतली होती.

"थंडी नाही वाजत?"

"हातांना नाही वाजत. पायांचं काही विचारू नको."

"वर चला. आलं घालून चहा करायला सांगते."

"कोणाला सांगतेस? स्वयंपाकी गुलालात बसलाय तुमचा." वहिनींनी मान वळवून सगळीकडे बघितलं. पिवळं, निळं, गुलाबी, हिरवं; आणि मध्ये, त्यांच्या पायांभोवती, पांढरं. "बरी आलीय गं. तो खुर्चीवाला मधोमध नसता बसला तर आणखी बरी दिसती. पण असू दे."

"आली ना? मग चला."

"अशीच ठेवून?"

शालनने जाकिटाच्या खिशातून कुयरी काढली. पितळेची, दोन खणांची, एकात हळद, एकात कुंकू. नेहमीच्या सवयीने तिने झाकण सरकवलं, कुंकवाची चिमूट घेतली आणि हात पुढे केला.

"जरा सरका."

"कुठे सरकू?"

हात तिथेच राहिला. खरंच कुठे सरकायला जागा नव्हती. ठिपक्याचा मध्य वहिनींच्या दोन पावलांमध्ये होता आणि शिडीवरून तिथे कोणाचा हात पोचला नसता. शालनने चिमूट पुन्हा खणात सोडली. बोटं जाकिटाला पुसली. मग कुयरी तशीच उघडी, दोन्ही तळव्यांवर ठेवून, तिने पुढे धरली.

वहिनींनी कुयरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी?"

"तुमचीच आहे. मी आपली जोडली."

"दारावर काय लिहिलंय बघितलंस ना?"

"आता ते वाचता येत नाही, वहिनी."

वहिनींनी डबा काखेतून काढून खाली ठेवला. कुयरी घेतली, मांडीवर ठेवली. उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. त्यांची बोटं इतक्या बर्फातही ओली नव्हती, पांढरी आणि कोरडी होती.

"आणि वाहून झालं, की?"

"की वर यायचं."

"शालन, वाहून झालं की रांगोळी झाली. झालेल्या रांगोळीचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतात?"

"इथे दुसरा दिवस होत नाही. बघताय ना, ऊन जातच नाहीये."

"ते रांगोळी व्हायची होती म्हणून."

 शालनने शिडीवरून वाकून वहिनींच्या केशरी जाकिटाची बाही धरली, आणि दुसऱ्या हाताने शिडी. वहिनींनी तिला धरू दिलं. मग त्यांनी कुंकवात बोटं घातली. इतक्या वर्षांनी चिमूट थोडी मोठी आली. त्यांनी ती झटकून बेताची केली आणि दोन पावलांच्या मध्ये नेली.

"ताई," मागून परकार हळूच म्हणाले.

ऊन खाली उतरलं होतं. सूर्याची कड समुद्राला लागली होती. सगळ्यात बाहेरच्या रेघेच्याही पलीकडून खराट्याचा आवाज येऊ लागला, लांब, संथ, एकसारखा, अंगणाच्या टोकापासून सुरुवात केल्यासारखा. शालनने बाही आणखी घट्ट धरली. आणि दूर पिवळ्या घरात, अजून पाठमोऱ्याच बसलेल्या आर्मसने खुर्चीवर बसल्या बसल्या दोन्ही पाय वर उचलले.